केशरी चिंधी

"ही गोधडी कुणी फाडली?"

दोन विमानं बदलून, आयुष्यात पहिल्यांदा परदेशाच्या मातीला पाय लावून मी नवऱ्याच्या खोलीत शिरले आणि माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे. लोक म्हणतील, काय बाई आहे! पण मी तशीच आहे. डोळ्यांत पाणी यायला लागलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, आणि त्या दिवशी विमानतळापासून डोळे सारखे भरून येत होते.

हे माझी बॅग कोपऱ्यात ठेवत होते. मागे न वळताच म्हणाले, "जुनी झालीय. विरली असेल."

"विरलेलं आणि कापलेलं मला कळत नाही होय? सरळ कातरी लावलीय. एक नाही, तीन जागी."

"चहा घेतेस ना?"

झालं. विषय संपला. आमचे हे घोड्याच्या कानाशी तासभर गुजगोष्टी करतील, पण माणसाशी बोलायचं म्हटलं की तीन शब्दांत गाडी थांबते.

ती गोधडी मीच शिवली होती, हे पहिल्यांदा आयर्लंडला निघाले तेव्हा. अंगाला सासूबाईंचं निळं सुती लुगडं, मधे आमच्या वैजूच्या लहानपणच्या फुलाफुलांच्या फ्रॉकचे तुकडे, आणि चारी कडांना माझ्या केशरी नायलॉनच्या साडीची पट्टी. त्या काळी नायलॉनची साडी म्हणजे काय तोरा होता! लग्नानंतर जेजुरीला गेलो तेव्हा मी तीच नेसले होते, आणि ह्यांनी मला उचलून पाच पायऱ्या चढवल्या होत्या. म्हटलं, तिकडच्या थंडीत आई, लेक आणि बायको तिघी अंगावर राहतील.

नाव घ्यायचं तर निवृत्ती धुमाळ. थेऊरच्या अलीकडे एका स्टड फार्मवर मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे. सासरेही तिथेच मोतद्दार. पण ह्यांचं खास काम म्हणजे शिंगरं वळणावर आणणं. दीड वर्षाचं शिंगरू, पाठीवर कधी माशीशिवाय काही बसलेलं नाही, त्याच्यावर पहिल्यांदा हे बसणार. आधी नुसतं पोट टेकवून आडवं पडायचं, मग खोगीर, मग लगाम. महिना-दोन महिन्यांत ते शिंगरू ह्यांच्या बोटांवर चालायला लागायचं. आणि मग एक दिवस गाडी यायची आणि ते रेसकोर्सवर जायचं. तिथे त्याला पळवणारे दुसरेच. हे आपले फाटकापर्यंत सोडायला जायचे आणि दोन दिवस जेवायचे नाहीत. मी म्हणायची, "सासरी गेल्यासारखं काय करताय?" तर म्हणायचे, "मी कधी त्याला पळताना बघितलंच नाही गं."

एका वर्षी किल्डेअरहून कुणी ट्रेनर फार्मवर आला होता. आयर्लंडातला तो जिल्हाच घोड्यांचा. त्याने ह्यांचे हात बघितले. घोड्याच्या तोंडाला लगाम लागतोय की नाही कळू नये इतके हलके हात. म्हणाला, दोन वर्षांसाठी चल. दोनाची नऊ झाली. दर डिसेंबरात यायचे, जानेवारी संपता संपता निघायचे, आणि दारात चपला घालताना दरवर्षी तेच, "हे एक वर्ष." तिसऱ्या वर्षी सासूबाई गेल्या तेव्हा येता आलं नाही. नवव्या वर्षी वैजूचं लग्न झालं, नऊ दिवसांसाठी आले आणि गेले. लेक सासरी गेली, नवरा परदेशी. घर खायला उठलं हो. मी वैजूला फोनवर सांगितलं, "तुझ्या बापाला घेऊनच परत येते. नाही आले तर मी सुगंधा नावाची नाही." आणि मे महिन्यात तीन आठवड्यांसाठी निघाले.

किल्डेअर म्हणजे काय सांगू! नजर जाईल तिकडे हिरवं, आणि त्या हिरव्यात घोडे. पांढऱ्या कुंपणाआड घोड्या आणि त्यांच्या पायांत घुटमळणारी शिंगरं. दुकानाच्या पाटीवर घोडा, चहाच्या कपावर घोडा, चर्चबाहेर दोन म्हातारे बोलत उभे असले तरी बोलणं घोड्याचं. गावात एक उंचच्या उंच दगडी गोल मनोरा, हजार वर्षांचा म्हणतात. मी मान वर करून बघितला आणि पदर डोक्यावरून घसरला.

हे राहायचे नोराबाईच्या घरी, माडीवरच्या खोलीत. नोराबाई सत्तरी ओलांडलेली विधवा, नवरा नालबंद होता तिचा. बाई काटक, बोलकी, आणि कपाटं लावण्यात माझ्याहून कडक. मला म्हणायची "सुगंडा". ह्यांना म्हणायची "नीव". नीव हे तिकडे बाईचं नाव असतं म्हणे, पागेतले लोक सुरुवातीला फार हसले होते. माझं इंग्रजी म्हणजे मोडकी खाट; बालवाडीत पोरांना शिकवण्यापुरतं. पण टेकायला पुरायचं. दोन बायकांना एका चुलीपुढे बोलायला व्याकरण लागत नाही.

आल्यापासून मी वाट बघत होते. विचारायचं कसं? हे पहाटे पाचला पागेत जायचे, दुपारी येऊन झोपायचे, संध्याकाळी परत घोड्यांना बघून यायचे. आठव्या दिवशी मी पिठलं-भाकरी केली. पीठ बरोबरच आणलं होतं. नोराबाई शेजारी गेली होती. दोघंच होतो. मी ताट वाढलं आणि एकदाचं म्हटलं.

"आता पुरे झालं. वैजूचं लग्न झालं. पोटापुरतं आहे. मला त्या घरात एकटीला राहवत नाही. चार भिंती आणि मी. बोलायला कोण, तर कणगी. येताय का नाही घरी?"

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. तसाच हातात धरून बसले.

"बोला की!"

"येतो," म्हणाले. "यंदाचा हंगाम संपला की येतो."

"एका महिन्यासाठी?"

"कायमचा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दोनदा विचारून घेतलं. दोन्ही वेळा हो म्हणाले. ताटातून नजर उचलली नाही, पण तेव्हा कुणाचं लक्ष तिकडे! मी उठले आणि आयर्लंडच्या लोण्यात शिरा केला. नोराबाई आली तिच्या तोंडात घास घातला आणि म्हटलं, "नीव कमिंग होम!" ती माझ्याकडे बघत राहिली, मग ह्यांच्याकडे. मग मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "उद्या तुला ब्रिजिडच्या विहिरीवर नेते. आभार मानायला जागा पाहिजे ना."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चालत निघालो. वाटेत ती मला संत ब्रिजिडची गोष्ट सांगत होती. ब्रिजिडला मठ बांधायला जमीन हवी होती आणि राजा देत नव्हता. ती म्हणाली, माझ्या शालीखाली मावेल तेवढी दे. राजा हसून हो म्हणाला. तिने शाल पसरली आणि ती वाढत गेली, वाढत गेली आणि सगळं माळरान झाकून बसली. आज जिथे घोडे पळतात ते कुर्राचं माळरान तेच. मी म्हटलं, आमच्याकडे वामनाने तीन पावलांत हेच केलं होतं. नोराबाई म्हणाली, तीन पावलांपेक्षा शाल बरी, निदान ऊब तरी येते. मी हसले. इतकी हलकी मी कित्येक वर्षांत चालले नव्हते.

विहीर म्हणजे दगडांनी बांधलेला झरा. शेजारी एक काटेरी झाड, पांढऱ्या बारीक फुलांनी डवरलेलं. आपल्या बाभळीची कुणी गोरी मावसबहीण म्हणा. आणि त्या झाडाला चिंध्याच चिंध्या. लाल, पिवळ्या, काळ्या पडलेल्या, दोरे लोंबणाऱ्या. मला काही सांगावं लागलं नाही. नवसाचं झाड मी बघितल्याबरोबर ओळखते. चप्पल काढली, हात जोडले.

आणि हात जोडलेले तसेच राहिले. खालच्या फांदीवर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला, माझी साडी होती. केशरी. बारीक काळे ठिपके. जेजुरीची.

एका क्षणात सगळं लख्ख झालं. गोधडीच्या कडेला कातरी कुणी लावली, का लावली, आणि विचारल्यावर चहाचं का काढलं. ह्यांनी नवस बोलला होता! मला भेटायचा, घरी यायचा. मुका माणूस तो, मला बोलला नाही, परक्या देवाला बोलला. आणि मी वर्षानुवर्षं उशीत तोंड खुपसून म्हणत होते की ह्याला माझी आठवणच येत नाही. मी रडले. तिथेच उभी राहून, नाक ओढत, लहान पोरीसारखी रडले.

मग डोळे पुसले आणि गाठ सोडायला घेतली. आपल्याकडे रीतच आहे ती. नवस बांधला, नवस पुरा झाला, की बांधलेलं सोडायचं. नाहीतर देव म्हणतो, काम झालं आणि माझी आठवण नाही. गाठ पावसाने दगड झाली होती. दातांनी सोडवली. काटे टोचले, मनगटातून रक्त आलं. चिंधी सुटली आणि मी ती कपाळाला लावली.

मागे नोराबाई किंचाळली.

ती झऱ्यावर वाकून बाटलीत पाणी भरत होती, ती बाटली टाकून धावत आली. "नको, नको, सुगंडा! परत बांध! आत्ताच्या आत्ता!"

"का? नवस पुरा झाला ना," मी म्हटलं. "नीव कमिंग होम."

तिने मला दगडावर बसवलं. माझा हात धरून एकेक शब्द सुटा करून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. इथे चिंधी मागण्यासाठी बांधत नाहीत. इथे दुखणं बांधतात. कापड झऱ्यात बुडवायचं, जिथे दुखतं तिथे लावायचं आणि झाडाला बांधून मागे न बघता जायचं. ऊन-पावसात कापड कुजत जातं, तसं दुखणं कमी होत जातं. शेवटचा धागा गळला की माणूस बरा. म्हणून दुसऱ्याच्या चिंधीला कुणी हात लावत नाही. जो सोडेल, दुखणं त्याला लागतं.

मी विचारलं, "ह्यांना काय दुखणं होतं? कॅन्सर? छातीत काही?"

तिने मान हलवली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "घर," म्हणाली. "त्याला घराचं दुखणं होतं. पहिल्या वर्षी रोज रात्री त्याच्या चालण्याचा आवाज यायचा, माडीवर, इकडून तिकडे. मीच आणलं त्याला इथे. आधी निळी बांधली. मग फुलाफुलांची. त्या दोन्ही कधीच गळाल्या. मग ही."

परत जाताना मी तिच्याशी बोलले नाही. तिची काही चूक नव्हती, पण मला बोलवेना. चिंधी कमरेला खोचली होती आणि ती निखाऱ्यासारखी लागत होती. म्हणजे हा माणूस येण्यासाठी प्रार्थना करत नव्हता. हा मला विसरण्यासाठी प्रार्थना करत होता. देवाच्या दारी जाऊन, माझ्याच साडीने! आणि काल जे "येतो" म्हणाला, ते काय होतं मग? दया?

त्या संध्याकाळी मी डोकं दुखतंय म्हणून झोपून घेतलं. पण पहाटे हे निघाले तशी मीही उठले. म्हटलं, "मला यायचंय. बघायचंय काय आहे ते तिथे." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गुपचूप त्यांचा जादा कोट मला घातला.

कुर्राच्या माळावर धुकं होतं. ना झाड ना कुंपण, नुसतं गवत, पिवळ्या फुलांची झुडपं आणि मोकळ्या सुटलेल्या मेंढ्या. मी एका टेकाडावर उभी राहिले. थंडीने दात वाजत होते आणि आतून मी धुमसत होते. काय काय बोलायचं ते सगळं मनात रचून ठेवलं होतं. सव्वीस वर्षांचा हिशेब होता, एकेक शब्द धार लावून ठेवलेला.

मग जमीन हलल्यासारखी वाटली. आधी आवाज आला, मग धुक्यातून घोडे आले. दोन-दोनच्या जोडीने आठ-दहा घोडे, आणि सगळ्यांत पुढे एक करडी घोडी, मान लांब केलेली. तिच्यावर हे. रिकिबीत उभे, पाठ जमिनीसारखी सपाट, हात घोडीच्या मानेशी. तोंड उघडं होतं आणि हे हसत होते. मोठ्याने, खदखदून. मी सव्वीस वर्षं संसार केला त्या माणसाबरोबर, वैजू जन्मली तेव्हा बघितलं, लॉटरी लागलेल्या शेजाऱ्याच्या घरी पेढे खाताना बघितलं, पण ते हसू मी आधी कधी बघितलं नव्हतं. माझ्यासमोरून वाऱ्यासारखे गेले. त्यांनी मला बघितलंही नाही.

मी रचून ठेवलेलं सगळं बोलणं कुठच्या कुठे गेलं.

फाटकापर्यंत शिंगरू सोडून दोन दिवस उपाशी राहणारा तो माणूस मला आठवला. आणि परत आल्यावर काय, तेही दिसलं. आमच्या फार्मवर पन्नाशीच्या मोतद्दाराला कुणी घोड्यावर बसू देत नाही. ब्रशने घोड्याचं अंग घासून खरारा करायचा, लीद उचलायची, दोरी धरून शिंगरू गोल-गोल फिरवायचं.

घोडे थंड करून हे चालत टेकाडावर आले. कपाळावर घाम, गालावर चिखल. मी कमरेची चिंधी काढून त्यांच्यापुढे धरली.

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "सोडलीस?"

"सोडली. मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी नवस बोललात. नोराबाईने सांगितलं कशासाठी होती ती. मला विसरायचं होतं तर सांगायचं तोंडावर. एवढ्या लांबच्या साध्वीला कशाला त्रास?"

हे खाली गवतावर बसले. मग बोलले, आणि जे बोलले तेवढं मी त्यांच्या तोंडून लग्नापासून ऐकलं नव्हतं.

"पहिल्या वर्षी दोनदा पडलो. तुला सांगितलं नाही. बरगडी मोडली होती. घोड्याला कळतं गं. अंग त्याच्यावर आणि मन थेऊरला, की ते बरोबर पाडतं. तिसऱ्यांदा पडलो असतो तर मान गेली असती. नोराबाई म्हणाली, बांध. आईच्या लुगड्याची बांधली. वर्षात कुजली. आणि मग आई गेल्याचा फोन आला. तर मला रडूच आलं नाही सुगंधा. फोन ठेवला आणि पागेत गेलो. खरारा केला. आई गेली, आणि मी खरारा केला."

हे पुढे बोलतच राहिले.

"वैजूची तोवर बांधून झाली होती. तीही गळाली. तिच्या लग्नात बघितलंस ना मला? पाहुण्यासारखा उभा होतो मांडवात. लोक म्हणत होते, फॉरेन रिटर्न आहे, शिष्ट झालाय. मला आत काही हालतच नव्हतं."

"आणि मग माझी पाळी."

"तुझी त्याआधीच बांधली होती. वैजूच्या पाठोपाठ. परत एक घोडा बुजला होता, नोराबाई मागे लागली होती. गोधडी घेऊन बसलो. तुझी साडी नायलॉनची."

"मग?"

"मग काय मग? नायलॉन कुजतं का कधी? मला काय कळत नाही होय? झाडाला बांधली तेव्हा नोराबाई म्हणाली, नीव, ही कयामतीपर्यंत गळायची नाही, सुती आण. मी म्हटलं, राहू दे." हे गवत उपटत होते. "न बांधावी तर घोडं पाडतं. बांधावी तर तू पण जातेस. म्हणून बांधली, आणि न कुजणारी बांधली."

एखाद्या बाईला तिच्या नवऱ्याने सोन्याने मढवलं असेल. मला त्या माळावर, मेंढ्यांच्या लेंड्यांत बसून, जे मिळालं ते कुणाला मिळालं नसेल. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या गालावरचा चिखल पदराने पुसला. रडू येत होतं, म्हणून अर्थातच तोंडाचा पट्टा सुरू झाला. "बघा तरी अवतार! एवढ्या मोठ्या माळावर सगळा चिखल तुम्हालाच सापडला?"

मग जे बोलायला मी एवढ्या लांब आले होते, त्याच्या अगदी उलटं बोलले.

"यंदा नका येऊ."

"मी येतो म्हणालोय."

"म्हणालात. मी ऐकलं. आता मी म्हणते, नका येऊ. घोडी वर बसू देते तोवर राहा. उतरवलं की या. मी आहेच."

ते नाही-नाही म्हणाले. दोन-तीनदा म्हणाले. पण मी मोतद्दाराची बायको आहे. खोगीर उतरवल्यावर घोडं कसं अंग झाडतं, मला ठाऊक आहे. ह्यांचे खांदे तसे सैल पडले. त्यांनी लपवायचा प्रयत्न केला, पण मला दिसलं. ते दिसलं नसतं तर फार बरं झालं असतं.

मी एकटीच परत निघाले. निघताना नोराबाईने माझे दोन्ही हात धरले. चिंधी परत झाडाला बांधून येऊ, म्हणून फार विनवलं. दुखणं तुला लागेल म्हणाली. मी म्हटलं, "साडी माझी, नवरा माझा. दुखणं कुणाचं असणार?"

घरी आले आणि सगळ्यांत आधी नवी गोधडी शिवायला घेतली, कडेला तीच केशरी चिंधी लावून. आणि नोराबाई म्हणाली होती ते खरं झालं. लागलं मला. आधीही आठवण यायची, पण ती रागाची होती, तिला धार होती. ही वेगळी. सकाळी साडेदहाला पोरांना बाराखडी म्हणायला लावायची आणि मनात, आता तिकडे सहा वाजले, आता करडी घोडी बाहेर काढली असेल. भाकरी थापता थापता हात थांबायचे. बालवाडीतल्या मावशी म्हणायच्या, "बाई, या वयात काय हो हे!" मी म्हणायची, "वयाला कोण विचारतंय?" अशी चार वर्षं काढली. त्या चार वर्षांत एकदाही ह्यांना म्हटलं नाही, या.

चार वर्षांनी हे आले. गुडघा गेला होता. वर बसणं बंद झालं होतं. दारात चपला काढल्या आणि म्हणाले, "आता हे एक वर्ष नाही." मी त्यांना ओवाळलं, आणि माझं दुखणं त्या दिवशी, त्या तबकातल्या निरांजनाशी बरं झालं. खरंच सांगते.

पण मग त्यांचं सुरू झालं.

पहाटे उठून अंगणातल्या कट्ट्यावर बसायचे. दोन्ही हात पुढे, मुठी अर्धवट मिटलेल्या. मी चहा आणून ठेवायची, तो निवून जायचा. बोललं की "हं" म्हणायचे. वैजूचं बाळ मांडीवर दिलं तर त्याला डुलवायचे, पण घोड्याच्या चालीने, आणि नजर भिंतीपलीकडे. घरात होते आणि नव्हते. आपल्याच माणसाची वाट त्याच्यासमोर बसून बघायची, हे त्या चार वर्षांपेक्षा वाईट होतं.

फेब्रुवारीच्या एक तारखेला, म्हणजे तिकडच्या ब्रिजिडच्या दिवशी, ह्यांनी सकाळी कातरी मागितली. कपाटातून एक मळका रुमाल काढला. माळावर घोडं पळवताना गळ्याला बांधायचे तो. त्याची एक पट्टी कापली आणि चपला घालायला लागले.

"कुठे निघालात?"

"ओढ्यावर. बाभळीला बांधून येतो."

"कापड कसलं?"

"सुती आहे. पावसाळ्यात गळेल." खाली बघून म्हणाले, "गळायलाच पाहिजे. तुझ्याशी बोलताना पण मी तिथेच असतो. तू एवढी वाट बघितलीस, तुला मी पुरता मिळायला नको?"

मी त्यांच्याकडे बघितलं. सासूबाई गेल्याचा फोन ठेवून खरारा करणारा माणूस मला डोळ्यांपुढे दिसला. मांडवात पाहुण्यासारखा उभा असलेला दिसला. आणि धुक्यातून हसत आलेला तोही दिसला.

"थांबा," मी म्हटलं.

आत गेले. गोधडीची कड उसवली आणि केशरी चिंधी बाहेर आणून त्यांच्या हातात ठेवली. सुती पट्टी काढून घेतली.

"ही बांधा."

"अगं, ही कुजायची नाही."

"राहू दे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग चपला घातल्या. मीही घातल्या. ओढ्यावरच्या बाभळीला त्यांनी चिंधी बांधली. खालच्या फांदीशी गुडघ्यामुळे नीट वाकता येईना, गाठ सैल पडली. मी पुढे झाले आणि ती ओढून घट्ट केली.